देवीच्या लशीपासून कर्करोगाच्या लशीपर्यंत

नागपुरांत सदरच्या बाजारांतून सायंकाळच्या वेळीं चालत गेलें, म्हणजे पानठेल्यापाशीं उभ्या असलेल्या मंडळींच्या हातांत एक वस्तु हटकून दिसते. प्लॅस्टिकच्या पन्नींत सुपारीचा चुरा, तंबाखू व चुना घालून ती पुडी तळहातांवर घोळून मळली कीं खर्रा तयार होतो. महाविद्यालयांतील तरुण, ऑटोरिक्षावाले, कचेरींतून परतणारे कारकून, कोणालाहि तो परका नाहीं. एकानें दुसऱ्यापुढें पुडी करावी हा विदर्भांतील स्नेहाचा जणूं एक उपचारच होऊन बसला आहे. याच शहराची कर्करोगाची नोंदवही १९८० पासून ठेवण्यांत येत आहे. ती चाळली असतां येथील पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग अग्रभागीं असल्याचें दिसतें. या दोन गोष्टींचा संबंध सांगण्यास कोणा पंडिताची गरज नाहीं.

श्रोतेहो, या विषयाची चर्चा निघाली कीं एक प्रश्न नेहमीं पुढें येतो. देवीवर लस निघाली आणि देवी पृथ्वीवरून नाहींशी झाली. पोलिओवर लस निघाली आणि २०१४ सालीं आपला देश पोलिओमुक्त ठरला. मग कर्करोगावर लस कां निघत नाहीं? प्रश्न अगदीं रास्त आहे. तो विचारणाराच्या हातांत कधींकधीं खर्र्याची पुडी असते, एवढेंच. या प्रश्नाचें आजचें उत्तर असें आहे कीं, तशी लस काढण्याचा उद्योग मोठ्या नेटानें चालू आहे, आणि त्या कामीं शास्त्रज्ञांनीं ज्याला हाताशीं धरलें आहे तो मदतनीस मोठा विलक्षण आहे. तो मदतनीस म्हणजे खुद्द विषाणू होय. आपल्याला रोग देणारा हा परका जीव आपलें रक्षण कसें करूं शकेल, याचा विचार आज आपण करूं.

प्रथम लस काय करते तें पाहूं. जेन्नर या इंग्रज वैद्यानें १७९६ सालीं देवीची लस शोधून काढली. सहाच वर्षांनीं, म्हणजे १४ जून १८०२ रोजीं, मुंबईस ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यांत आली, आणि हिंदुस्थानांत देवी काढण्यास सुरुवात झाली. ज्यांनीं पन्नाशी पुष्कळ मागें टाकली आहे त्यांच्या दंडावर देवी काढल्याचा वण आजहि सांपडेल. ही लस स्वतः देवीशीं लढत नसे. आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशी या शरीराच्या पहारेकरी आहेत. देवीच्या जवळच्या नात्यांतील एका सौम्य विषाणूशीं त्यांची गांठ घालून द्यावयाची, म्हणजे खरा शत्रु आला असतां त्या त्याला चेहऱ्यावरून ओळखतात व वेळींच गांठून मारतात. लशीचें सारें काम या ओळख करून देण्यांत आहे.

येथेंच कर्करोगाची अडचण सुरू होते. देवीचा विषाणू बाहेरून येतो. कर्करोगाची पेशी बाहेरून येत नाहीं. ती आपलीच, आपल्याच घरांत जन्मलेली असते. प्रत्येक पेशीच्या पोटांत तिनें काय करावें व केव्हां थांबावें याच्या आज्ञा लिहिलेल्या असतात. त्यांना जनुकें म्हणतात. तंबाखूंतील विषारी द्रव्यें गालाच्या आंतील नाजूक त्वचेला वर्षानुवर्षें भिडत राहिलीं, म्हणजे या आज्ञांतील अक्षरें पुसलीं जातात व बदलतात. नुसती सुपारीहि या बाबतींत निर्दोष नाहीं. तंबाखू नसली तरी ती कर्करोगाला कारण होते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें २००४ सालींच दिला आहे. अशीं पुष्कळ अक्षरें बिघडलीं कीं एखादी पेशी थांबण्याची आज्ञा विसरते. ती वाढतच जाते, आणि पुढें शेजाऱ्यांच्या जागेंतहि शिरते. पहारेकऱ्यांना मात्र ती आपल्याच वाड्यांतील माणूस वाटते.

याला एक अपवाद आहे, तो सांगितला पाहिजे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बहुतेक सर्व वेळां एका विषाणूमुळें होतो. शत्रु बाहेरचा असल्यामुळें तेथें जुन्या तऱ्हेची लस चालते. त्या विषाणूचें नुसतें रिकामें कवच कारखान्यांत तयार करून टोचतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें बनविलेली अशी लस २०२३ च्या जानेवारींत बाहेर आली असून, तिचें नांव सर्व्हाव्हॅक असें आहे. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना ती देणें सर्वांत चांगलें. परंतु खर्र्यामुळें होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाच्या मागें असा कोणी बाहेरचा शत्रु नसतो. म्हणून ही लस तेथें उपयोगी पडत नाहीं.

तरीहि एक आशेची जागा उरते. जनुकांतील अक्षरें बदललीं म्हणजे त्यांच्या हुकुमाप्रमाणें घडणारीं द्रव्येंहि थोडीं बदलतात, आणि तीं पेशीच्या अंगावर प्रकट होतात. पोषाख घरचाच, पण त्यावर एखादें बटण परकें लागलेलें, अशी ही स्थिति असते. दक्ष पहारेकरी तें बटण पाहूं शकतो. मग तो तें पाहात कां नाहीं? कारण पहारेकरी धोक्याची घंटा वाजल्यावांचून हत्यार उचलीत नाहीं. ही सावधगिरी आवश्यकच आहे. नाहीं तर तो रोज आपल्याच माणसांवर धांवून जाईल. कर्करोगाची गांठ पुष्कळदां गुपचूप वाढते. तिच्या आसपास घंटा वाजतच नाहीं, आणि वाजूं लागलीच तर ती दाबून टाकण्याच्या युक्त्या गांठीजवळ असतात.

या जगांत ती घंटा सर्वांत मोठ्यानें कोण वाजवतो? विषाणू. आपल्या शरीराला विषाणूंशीं झगडण्याची संवय लाखों वर्षांची आहे. विषाणू आंत शिरला कीं ताप येतो, अंग मोडून येतें, आणि पहारेकऱ्यांच्या पलटणी चहूंकडून धांवतात. या गोष्टीचा कर्करोगाशीं कांहीं संबंध असावा, हें जुन्या वैद्यांच्याहि ध्यानांत आलें होतें. जॉर्ज डॉक या अमेरिकन वैद्यानें १९०४ सालीं एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिला रक्ताचा कर्करोग होता. तिला इन्फ्ल्युएंझा झाल्यानंतर रोगट पेशींची संख्या कांहीं काळ आश्चर्यकारक रीतीनें उतरली. असे अनुभव अधूनमधून येत गेले. १९४९ सालीं अमेरिकेंतच रसग्रंथींच्या कर्करोगाच्या २२ रुग्णांना मुद्दाम काविळीच्या विषाणूची बाधा करण्यांत आली. कांहींचा रोग थोडे दिवस हटला. पण पुष्कळांना कावीळ झाली आणि एक रुग्ण दगावला. मोकाट विषाणू हें दुधारी शस्त्र आहे, हा धडा त्यांतून मिळाला. शस्त्र वापरावयाचें तर त्याची एक धार आधीं बोथट केली पाहिजे.

ही धार बोथट करण्याची विद्या गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हातीं आली. विषाणू म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून, पाकिटांत घातलेलें एक पत्र आहे. पाकीट म्हणजे त्याचें कवच, आणि पत्र म्हणजे त्याचीं जनुकें. तो पेशीचें दार उघडून आंत शिरतो व आपलें पत्र वाचावयास लावतो. पत्रांत लिहिलेलें असतें, 'माझ्यासारखे हजारों तयार कर.' पेशी बिचारी तें पाळते. आतां प्रयोगशाळेंत त्या पत्रांतील हें वाक्य खोडून टाकावें, आणि त्या जागीं आपल्याला हवें तें वाक्य लिहावें. पाकीट तेंच राहतें. म्हणून तो दार उघडतो, घंटा वाजवितो. पण त्याची संतति वाढत नाहीं, आणि तो निरोप मात्र आपला पोंचवितो.

हें कोणाला कादंबरींतलें वाटेल. परंतु ऐकणारांपैकीं बहुतेकांच्या दंडांत असा घडविलेला विषाणू एकदां जाऊन आला आहे. कोरोनाच्या सांथींत १६ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशांत टोचणी सुरू झाली. तींत सर्वांत अधिक वापरली गेलेली कोविशील्ड ही लस म्हणजे चिंपांझी माकडाच्या सर्दीचा एक विषाणू होता. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनीं त्याची वाढण्याची शक्ति काढून घेऊन त्याच्या पत्रांत कोरोनाच्या कांट्याचें वर्णन लिहिलें, आणि पुण्यास तो कोट्यवधि कुप्यांतून भरला गेला. कर्करोगाची लस करणारा मनुष्य याच पाकिटांत कोरोनाच्या कांट्याऐवजीं कर्करोगाच्या परक्या बटणाचें वर्णन घालूं पाहतो.

या कामाच्या आज दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेवर विषाणूला थेट गांठींतच सोडतात. १९९१ सालीं मार्टुझा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, ओठावर पुरळ आणणाऱ्या हर्पीस विषाणूंतील एक जनुक काढून तो उंदरांतील मेंदूच्या गांठींवर वापरून दाखविला. तो वाढत्या पेशींतच वाढूं शके, निरोगी मज्जापेशींत वाढूं शकत नसे. याच घराण्यांतील एका सुधारलेल्या विषाणूला अमेरिकेनें २०१५ च्या ऑक्टोबरांत औषध म्हणून मान्यता दिली. त्वचेच्या मेलानोमा नांवाच्या घातक कर्करोगाच्या गांठींत तो सुईनें सोडतात. तो तेथील पेशी फोडतो. पेशी फुटल्या कीं त्यांच्या अंगांतील परकीं बटणें उघड्यावर पडतात. आणि त्यांत घातलेलें एक अधिक जनुक पहारेकऱ्यांना बोलावून आणतें. म्हणजे ती गांठच रुग्णाची लस होऊन बसते. ४३६ रुग्णांच्या परीक्षेंत, निदान सहा महिने टिकलेला उतार या औषधानें शेंकडा सोळा रुग्णांस पडला. तुलनेसाठीं दिलेल्या दुसऱ्या औषधानें तो शेंकडा दोघांसच पडला. हें यश लहान नाहीं. पण शेंकडा चौऱ्यांशीं जणांना तसा लाभ झाला नाहीं, हेंहि विसरूं नये.

दुसरी वाट खऱ्या अर्थानें लशीची आहे, आणि आपल्या विदर्भाच्या दुखण्याशीं तिचा संबंध अधिक निकट आहे. येथें पुन्हां देवीच्या लशीची भेट होते. जर्मनींतील म्युनिक येथें आंटोन मायर यांनीं, तुर्कस्तानच्या अंकारा शहराहून आलेला देवीच्या लशीचा विषाणू कोंबडीच्या भ्रूणपेशींत पाचशें सत्तराहून अधिक वेळां वाढवीत नेला. कोंबडीच्या पेशींत राहून राहून तो आपला जुना धंदा विसरला. त्याच्या जनुकांचा सुमारें शेंकडा पंधरा भाग गळून गेला, आणि माणसाच्या पेशींत वाढण्याची त्याची शक्ति नष्ट झाली. १९७० नंतरच्या दशकांत जर्मनींत एक लाखाहून अधिक लोकांना तो टोचण्यांत आला व निर्धोक ठरला. १९८० सालीं देवीचा रोग जगांतून गेल्याचें जाहीर झालें, आणि या विषाणूचें काम संपल्यासारखें झालें. परंतु एवढें मोठें, सुरक्षित व रिकामें पाकीट शास्त्रज्ञ टाकून कसें देतील?

फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील ट्रान्सजीन या संस्थेनें हें पाकीट तोंड, घसा वगैरे भागांच्या कर्करोगासाठीं घेतलें. त्यांची रीत अशी. रुग्णाची गांठ शस्त्रक्रियेनें काढल्यावर तिचीं जनुकें अक्षरशः वाचावयाचीं. त्याच रुग्णाच्या निरोगी पेशींचींहि वाचावयाचीं. दोहोंची ताडणी केली म्हणजे कोठें कोठें अक्षर बदललें तें कळतें. यांपैकीं कोणते बदल पहारेकऱ्यांना चटकन दिसतील हें गणकयंत्राच्या साह्यानें ठरवून, अशा तीसपर्यंत खुणा त्या देवीच्या विषाणूच्या पत्रांत लिहावयाच्या. प्रत्येकाच्या कर्करोगाच्या खुणा वेगळ्या; म्हणून प्रत्येकाची लस वेगळी. शिंप्यानें माप घेऊन अंगरखा शिवावा तशी ती एकाच रुग्णासाठीं बनते. ती प्रथम दर आठवड्यास व पुढें तीन तीन आठवड्यांनीं टोचतात.

या लशीच्या पहिल्या परीक्षेंत ३२ रुग्ण होते. सर्वांचे शस्त्रक्रिया वगैरे नेहमींचे उपचार पुरे झाले होते. परंतु रोग उलटण्याचें भय मोठें होतें. सोळा जणांना लगेच लस दिली, सोळा जणांवर नुसती नजर ठेवली. २०२५ सालीं जाहीर झालेला निकाल असा, कीं दोन वर्षें लोटलीं तरी लस घेतलेल्या सोळांपैकीं एकाचाहि रोग उलटला नव्हता. न घेतलेल्यांपैकीं तिघांचा उलटला होता.

हें ऐकून कोणाचेंहि मन उचंबळून येईल. पण येथेंच थोडें थांबावें. सोळा माणसें म्हणजे फार थोडीं. या विद्येच्या इतिहासांत अशी आशा एकदां फसलेली आहे. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठीं, देवीच्याच जातीचे विषाणू वापरून एक लस तयार झाली होती. १२५ रुग्णांच्या परीक्षेंत, लस घेतलेल्यांचें आयुष्य सरासरीनें आठ महिन्यांहून अधिक वाढल्यासारखें दिसलें. मग १२९७ रुग्णांवर मोठी परीक्षा झाली, तेव्हां लाभ कांहींच आढळला नाहीं, आणि २०१७ सालीं ती आवरती घ्यावी लागली. त्या लशींत जी खूण घातली होती ती निरोगी ग्रंथींतहि असते. म्हणजे बटण घरचेंच होतें, आणि त्याकडे पाहून पहारेकरी कां चवताळतील? नवी लस खरोखर बदललेल्या खुणाच निवडते, यांत तिचें बळ आहे. परंतु तें बळ शेंकडों रुग्णांवर सिद्ध झाल्यावांचून तिला औषध म्हणतां येत नाहीं, आणि आज ती कोणत्याहि देशांत विक्रीस नाहीं. कोणी तशी लस देतों म्हणून पैसे मागूं लागला, तर तो फसवीत आहे असें खुशाल समजावें.

असे घडविलेले विषाणू आपल्याकडेहि कामास लागले आहेत. मुंबईच्या टाटा रुग्णालयानें व पवई येथील आयआयटींतील राहुल पुरवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं मिळून रक्ताच्या कांहीं कर्करोगांवर एक उपचार तयार केला. त्यांत रुग्णाच्या रक्तांतील पहारेकरी पेशी बाहेर काढतात. एका घडविलेल्या विषाणूकरवीं त्यांच्यांत कर्करोगाची पेशी ओळखणारें जनुक घालतात. आणि त्या पुन्हां रुग्णाला देतात. विषाणू येथें पहारेकऱ्यालाच नवा डोळा बसवून देतो. या उपचाराला भारत सरकारची मान्यता २०२३ च्या ऑक्टोबरांत मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजीं राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू यांनीं पवईस त्याचें उद्घाटन केलें. ६४ रुग्णांवरील परीक्षांचा वृत्तांत २०२५ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांच्या परिणामाचें मोजमाप करतां आलें त्यांपैकीं शेंकडा त्र्याहत्तर रुग्णांचा रोग हटला होता. परदेशांतील तशाच उपचाराच्या सुमारें दशांश खर्चांत तो होतो. दशांश खर्चहि सामान्य कुटुंबाला झेपणारा नाहीं, हें खरें. तथापि ही विद्या आतां आपल्या प्रांतांतील माणसांच्या हातांत आहे, ही गोष्ट लहान नाहीं.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. उद्यां तोंडाच्या कर्करोगाची लस निघाली, तर खर्रा खुशाल खातां येईल काय? या लशीची सारी रीत ज्यानें लक्षांत घेतली त्याला उत्तर आपोआप मिळेल. ही लस रोग होण्यापूर्वीं देतांच येत नाहीं. तिच्यांत काय लिहावयाचें तें त्या माणसाच्या गांठीवरूनच कळतें. म्हणजे आधीं गांठ झाली पाहिजे, जबड्याचा किंवा जिभेचा भाग शस्त्रक्रियेनें गेला पाहिजे, आणि मग लशीची पाळी यावयाची. ती सुरीच्या मागून येणारी पहारेकरीण आहे. सुरी टाळणारी नव्हे. देवीची लस घेऊन मनुष्य निर्धास्त होत असे, तसा निर्धास्तपणा देणारी लस तंबाखूच्या कर्करोगावर आज नाहीं. महाराष्ट्रांत दर चार प्रौढांमागें जवळजवळ एक मनुष्य धूर न काढतां तंबाखू सेवन करतो, असें २०१६-१७ च्या पाहणींत दिसून आलें. त्या प्रत्येकाच्या हातीं मात्र एक उपाय आज, या क्षणीं आहे, आणि त्याला पैसा पडत नाहीं.

ज्यांना संवय आहे त्यांनीं ती सोडावीच. पण सोडतांनाच आरशापुढें उजेडांत उभें राहून आपलें तोंडहि पाहावें. गालाच्या आंत, जिभेच्या कडेला किंवा हिरड्यांवर पांढरा अथवा लाल चट्टा आहे काय? दोन-तीन आठवडे होऊनहि न भरलेला फोड आहे काय? आपलींच तीन बोटें एकावर एक उभीं धरून तोंडांत जातात काय? जात नसतील, तर सुपारीनें आंतील त्वचा आखडूं लागली आहे असें समजावें. यांपैकीं एकहि लक्षण दिसलें तर दुखण्याची वाट पाहूं नये, कारण आरंभीं तें दुखत नाहीं. नागपुरांत शासकीय दंत महाविद्यालय आहे, मेडिकल आहे, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. तेथें जाऊन तोंड उघडून दाखविण्यास कांहीं मिनिटें पुरतात. गांठ लहान असतांना सांपडली, तर साध्या शस्त्रक्रियेनें मनुष्य बरा होऊन घरीं जातो, आणि त्याला पुढें कोणत्याहि विषाणूची मदत मागावी लागत नाहीं.

मुंबईंत त्या लहान मुलीला देवीची लस टोचल्यापासून देवीचा शेवट होण्यास एकशें अठ्ठ्याहत्तर वर्षें लागलीं. कर्करोगाच्या लशीला तितका काळ लागूं नये अशी आशा धरण्यास आज जागा आहे. शास्त्रज्ञ आपलें काम करीत आहेत. तोंपर्यंत पानठेल्यासमोरून जातांना पुढें केलेली पुडी 'नको' म्हणून परत करणें, आणि घरांतील मुलीला तिची लस वेळेवर टोचविणें, हें काम आपलें आहे.